नेमलेली रेघ

मौजे बोंडरवाडी, पोस्ट गुंजी
ता. ९ जुलै १९३४

प्रिय जिनाप्पा,

खुशालीचं पत्र म्हणून फोडलं असशील तर आधीच सांगतो, खुशाली शेवटी आहे आणि ती दोन ओळींचीच आहे. आधी काम.

गेल्या आठवड्यात तुझ्या शाळाखात्याच्या कचेरीतून मला एक पत्र आलं. मास्तरकीला अकरा वर्षं झाली, वरून आलेला प्रत्येक कागद मराठीत होता. हा इंग्रजीत आहे आणि टाइप केलेला आहे. मी मॅट्रिकला दोनदा आपटलो ते इंग्रजीतच, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? टपालवाल्यानं तो लखोटा माझ्या हाती न देता चावडीवर आण्णाप्पाच्या हाती दिला. आण्णाप्पा म्हणजे आमच्या गावच्या शाळा कमिटीचा चेअरमन. दोनशे एकरांचा धनी, आणि शाळाही आपल्याच बांधावर उगवलीय असं समजणारा. त्यानं मला आणि चार माणसांना बरोबर घेऊन तीन मैलांवरचं गुंजी स्टेशन गाठलं, आणि स्टेशनमास्तरांकडून तो कागद सगळ्यांदेखत वाचून घेतला.

प्रकरण तुला माहीत नसेल म्हणून सांगतो. आमच्या शाळेत महारवाड्यातली पाच मुलं येतात. आजवर ती पडवीत बसत. यंदा जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी मी त्यांना आत बोलावलं आणि बाकीच्यांच्याच पट्टीवर बसवलं. मनाला आलं म्हणून नव्हे. सर्वांना सारखं बसवावं असं सरकारचं परिपत्रक दोन वर्षं माझ्या कपाटात पडून होतं, आणि ते रोज माझ्याकडे बघत होतं. आण्णाप्पानं तक्रार केली. तिला उत्तर म्हणून हे पत्र.

त्यातलं शेवटचं वाक्य अक्षर न अक्षर लिहितो: ‘यू आर अ‍ॅडव्हाइज्ड टु टो द लाइन इन धिस मॅटर.’

स्टेशनमास्तर म्हणाले, नेमून दिलेल्या रेघेत राहा, असं आहे. झालं. दुसऱ्या दिवशी मी शाळा उघडायच्या आधी आण्णाप्पानं चुन्याची फक्की आणून उंबऱ्याच्या आतल्या अंगाला, भिंतीपासून भिंतीपर्यंत, वीतभर रुंद रेघ मारून ठेवली होती. म्हणाला, “मास्तर, सरकारानं सांगिटलंय रेघंत ऱ्हा म्हणून. आता रेघ दिसतीया न्हवं? मग झालं.” पाच मुलं रेघेपलीकडे, म्हणजे पुन्हा पडवीत.

तू त्या कचेरीत बसतोस, इंग्रजीचा किडा आहेस. म्हणून विचारतो. या वाक्याचा नेमका अर्थ काय? हा हुकूम आहे की सल्ला? आणि रेघ कुणी मारायची, हे त्यात कुठं लिहिलंय का? दिवाळीनंतर तपासणी आहे. तोवर मी तसं वागलो नाही तर नोकरी जाईल, हे मला न सांगताही कळतं. पण वागायचं कसं, ते तरी कळू दे.

खुशाली: आमच्या आप्पांचा खोकला तसाच आहे. सौ. गुणाबाईनं प्रेमलावहिनींना नमस्कार सांगितलाय.

तुझा
परशराम

•

बेळगाव
ता. १६ जुलै १९३४

प्रिय परशा,

तुझं पत्र वाचून हसू की रडू असं झालं. चुन्याची रेघ! आण्णाप्पाच्या डोक्यात काय भरलंय देव जाणे.

वाक्प्रचार मोठा छान आहे. माझ्या वहीत तो केव्हाचा आहे. (वही म्हणजे तीच, बोर्डिंगातली. आता तिसरी झाली.) ‘टो’ म्हणजे पायाचा अंगठा. जमिनीवर रेघ आखलेली असते, शर्यतीला असते, कवायतीला असते, आणि प्रत्येकानं अंगठा त्या रेघेला टेकवून उभं राहायचं. पुढं नाही, मागं नाही. त्यावरून अर्थ झाला, चाकोरीत राहणं, वरच्यानं आखून दिलं तसं वागणं. पलटणीतल्या शिपायाबद्दल वापरतात, कारकुनाबद्दल वापरतात, पक्षात गडबड करणाऱ्या पुढाऱ्याबद्दल तर वर्तमानपत्रात नेहमीच. मूळ बूट घातलेल्या लोकांचा वाक्प्रचार, पण लागू पडतो तो अनवाणी माणसाला जास्त.

तुला आठवत नाही? हायस्कुलात आपले ड्रिलमास्तर फक्की मारून घ्यायचे आणि याच शब्दांत ओरडायचे. तुझा अंगठा नेहमी रेघेच्या पुढं. एकदा त्यांनी त्यावर रूळ मारला तेव्हा नख काळं पडून गळालं होतं. मी शेजारीच उभा होतो. तेव्हापासून तुझं असंच आहे बघ. रेघ दिसली की पाय पुढं.

आता तुझे प्रश्न. ‘अ‍ॅडव्हाइज्ड’ म्हणजे सल्ला, पण सरकारनं दिलेला सल्ला म्हणजे काय ते तू जाणतोस. रेघ कुणी मारायची हे या वाक्प्रचारात नसतं. रेघ असतेच, असं धरूनच तो बोलला जातो.

पत्र कुणी लिहिलं, कसं लिहिलं, मला ठाऊक नाही. माझ्या टेबलावरून रोज साठ कागद जातात. आमचे साहेब नवे आहेत, त्यांना ना मराठी ना कानडी, म्हणून हल्ली सगळं इंग्रजीत चालतं. माणूस कडक आहे. त्यांना कटकट खपत नाही. माझं म्हणशील तर यंदाचं साल जपून राहा. मीही जपूनच आहे. पाच वर्षं हंगामी म्हणून घासतोय, दिवाळीपर्यंत कायम करतील असं हेडक्लार्क म्हणतात.

पाच मुलं पडवीत बसली म्हणून त्यांचं शिकणं थांबत नाही. पडवीपर्यंत तुझा आवाज पोचतोच की, तुझा आवाज मला ठाऊक आहे!

आप्पांना अडुळशाचा काढा दे. प्रेमलाची आठवण.

तुझा
जिनाप्पा

•

बोंडरवाडी
ता. २ ऑगस्ट १९३४

प्रिय जिनाप्पा,

अर्थ कळला. उत्तम समजावलास, तूच मास्तर व्हायचास.

पडवीत माझा आवाज पोचतो हे खरं, पण इकडचा पाऊस तू विसरलास. झड थेट आत येते. पाटीवर लिहिलेलं अक्षर पुसायला यांना फडकं लागत नाही. म्हणून मी एक युक्ती केली. रेघ आण्णाप्पाची, ती मी पुसली नाही. मुलं त्यानं सांगितलेल्या जागी, तीही मी हलवली नाहीत. फक्त माझं बसकर उचललं आणि उंबऱ्यावर टाकलं. एक पाय आत, एक पाय पडवीत. पाच जणांना दाराच्या दोन्ही बाजूंना भिंतीलगत, झडीपासून ओढून, माझ्या अगदी गुडघ्याशी घेतलं. फळा चौकटीला टांगला. आता दोन्हीकडच्यांना मी सारखाच जवळ आणि सारखाच लांब.

पण गावाचं बघ. मुलं आत बसली तेव्हा जेवढा गलका झाला त्याच्या दुप्पट आता झालाय. उंबऱ्यावर बसायचं नाही, तिथं लक्ष्मीचा वावर, शिंकायचं नाही, पाय द्यायचा नाही, हे आपल्याला आईनं शिकवलेलं. आण्णाप्पाची आई काठी टेकत आली आणि म्हणाली, “आरं ए मास्तरा, उंबऱ्यावर बसून गावाला दरिद्री आनतोस व्हय रं? पोरास्नी शिकिवतोस का आमास्नी बुडिवतोस?” मी म्हटलं, “आजी, आत बसवून घ्या सगळ्यांना, उंबरा मोकळा करतो.” ती गेली. गुणाबाईसुद्धा चिडली. पोरांसाठी भांडा, म्हणाली, उंबऱ्याशी कशाला भांडता?

त्या पाचांत मनू म्हणून एक मुलगी आहे, भरमूची. भरमू रेल्वेच्या गँगवर आहे, गुंजी ते लोंढा रूळ तपासत चालतो. या पोरीला तोंडी हिशेब असे येतात की माझा मलाच संशय येतो. पडवीतून ती आतल्या मुलांच्या आधी उत्तर सांगते. आतली मुलं हसतात, आणि मग तिच्याकडेच वळून बघतात. तुला सांगतो जिनाप्पा, अकरा वर्षांत मला असं एकच मूल भेटलं.

सोबत साहेबांच्या नावे मराठीत अर्ज जोडतोय. त्यात एवढंच विचारलंय की परिपत्रक असं आहे आणि आपलं पत्र तसं आहे, तर मी कुठलं पाळू? तू तो इंग्रजीत करून साहेबांपुढं ठेव. दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ नकोस. कडक माणूस असला तरी वाचेल तर खरा.

तुझा
परशराम

•

बेळगाव
ता. २० ऑगस्ट १९३४

परशा,

घाईत लिहितोय. उंबऱ्यावर बसलास? साऱ्या शाळेत तुला दुसरी जागा मिळाली नाही? आण्णाप्पाची दुसरी तक्रार कचेरीत येऊन पडली आहे. ‘मास्तर मुद्दाम गावाच्या धर्माची चेष्टा करतात.’ आता ती फाइलला लागली.

तुझा अर्ज साहेबांपुढं ठेवला. त्यांनी वाचला. काही बोलले नाहीत. न बोलणं म्हणजे काय ते कचेरीत आम्हाला कळतं. त्या अर्जावर आता अवलंबून राहू नकोस.

मला तुझं मन दिसत नाही असं समजू नकोस. पण मीही काय सुखात आहे? आमचा जैनांचा चातुर्मास चालू आहे. सूर्य बुडायच्या आत जेवण झालं पाहिजे, आणि साहेब सातसातपर्यंत टेबल सोडत नाहीत. साहेब उठल्याशिवाय कारकुनानं उठायचं नाही. घरी पोचतो तेव्हा ताट झाकलेलं असतं आणि दिवस बुडालेला असतो. पाणी पिऊन निजतो. महिना होत आला, एकवेळ जेवतोय. प्रेमला रोज ताट वाढते आणि रोज उचलते. मी तक्रार केली का? नोकरी म्हटली की असं असतं.

तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे. तपासणी होऊ दे, मी कायम होऊ दे, मग मी स्वतः तुझ्यासाठी शब्द टाकतो. तोवर बसकर आत घे. रेघ मनातून पुसलेली असली की झालं, जमिनीवरची राहीना का!

जिनाप्पा

•

बोंडरवाडी
ता. ३ ऑक्टोबर १९३४

प्रिय जिनाप्पा,

बसकर आत घेतलं.

तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात गावानं आपली मुलं काढून घेतली. एकतीसच्या एकतीस. नऊ दिवस शाळेत मी, ती पाच मुलं आणि चौकटीला टांगलेला फळा. आण्णाप्पा रस्त्यानं जाता-येता हात जोडून म्हणायचा, “चालू द्या, मास्तर, चालू द्या.” हजेरी अशीच राहिली तर शाळाच बंद होते, हा नियम त्यालाही माहीत, मलाही. तरी मी थांबलो असतो. साहेबांकडून काहीतरी येईल म्हणून थांबलो असतो. पण साहेबांनी अर्ज वाचून तोंड उघडलं नाही, असं तू लिहिलंस. मग म्हटलं, वर कुणी नाही. दहाव्या दिवशी मी आत गेलो आणि खुर्चीवर बसलो. अकराव्या दिवशी एकतीस मुलं परत आली. आण्णाप्पानं रेघेवर नवी फक्की मारून घेतली.

त्यानंतर पडवीतली मुलं एकेक करून यायची थांबली. मी एकालाही जा म्हटलं नाही. कुणी भांडलं नाही, कुणी रडलं नाही. परवा एकटी मनू आली. मी आत मोठ्यांना भागाकार घालत होतो. ती पडवीतून उठली, दारापर्यंत आली आणि रेघेशी उभी राहिली. अंगठे रेघेला बरोबर टेकवून, टाचा जुळवून, हात सरळ. कवायतीला मीच शिकवलंय ते. उंबरा ओलांडून आत आली होती, पण रेघेच्या पुढं केसभर नाही. पाटी पुढं धरून म्हणाली, “गुरुजी, ह्ये बराबर हाय का बगा.”

मी खुर्चीवरून उठणार तोच साऱ्या वर्गाच्या माना माझ्याकडे वळल्या. खिडकीत आण्णाप्पाचा गडी उभा होता. जिनाप्पा, मी उठलो नाही. म्हटलं, “ठेव तिथं, मागनं बघतो.” तिनं पाटी रेघेच्या आत ठेवली, वाकून, पाय न हलवता. आणि गेली. त्यानंतर ती आलेली नाही. पाटी माझ्याकडे आहे.

तुझं म्हणणं मी ऐकलं, ते तुला कळावं म्हणून लिहिलं. आता तपासणीची काही भीती नाही.

परशराम

•

बेळगाव
ता. १८ नोव्हेंबर १९३४

प्रिय परशराम,

महिना होऊन गेला, तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही. चारदा लिहायला बसलो. आज पूर्ण करूनच उठणार आहे.

दिवाळीनंतर मी कायम झालो. ती बातमी अशी पत्राच्या तोंडाशी लिहावीशी वाटत नाही, पण पुढं जे लिहायचंय त्याच्या आधी ती तुला ठाऊक असावी.

गेल्या सोमवारी साहेबांनी तपासणीसाठी खानापूर तालुक्याच्या फाइली मागवल्या. तुझी फाइल वर होती. त्यांनी ते जुलैचं पत्र वाचलं आणि मला बोलावलं. मला वाटलं, काही चुकलं. ते म्हणाले, इंग्रजी चांगलं आहे, कुणाचं? मी म्हटलं, माझं. मग म्हणाले, “पण हे कुठल्या हुकमावरून लिहिलं? परिपत्रक तर याच्या उलट आहे.”

परशा, ते पत्र मी लिहिलं होतं. मसुदा माझा, टाइप माझा. साहेबांनी फक्त सही केली, रोज साठ कागदांवर करतात तशी. आण्णाप्पाच्या तक्रारीवर त्यांचा शेरा एवढाच होता, ‘योग्य ते उत्तर द्यावे.’ योग्य काय ते मी ठरवलं. तक्रार वर गेली, बोभाटा झाला तर साहेब चिडतील, साहेब चिडले तर माझं कायम होणं लांबेल, असं मीच मनाशी धरलं. आणि ते वाक्य वहीतून काढून लिहिलं, तेव्हा खरं सांगतो, मला फार बरं वाटलं होतं. छान बसलं असं वाटलं होतं.

तुझा अर्ज मी साहेबांपुढं ठेवला नाही. त्यांनी वाचला हे खोटं. तो माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, घडी न मोडलेला.

साहेबांच्या त्या प्रश्नाला मी काय म्हणालो? म्हणालो, “गावची तशी रूढी आहे, साहेब.” ते ‘हं’ म्हणाले आणि दुसरी फाइल घेतली. त्यांच्या लेखी तेवढंच.

घरी येऊन प्रेमलाला सांगितलं. तिला इंग्रजी येत नाही, पण सगळं नीट ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “सायबानं सांगिटलतं व्हय तुमास्नी, आसं लिवा म्हणून?” मी नाही म्हटलं. ती म्हणाली, “मग येरवाळी घरला जाऊ नगा, आसं तरी सांगिटलतं व्हय?” दुसऱ्या दिवशी धीर करून साहेबांना म्हटलं, चातुर्मासात मला पाचला सोडाल का? ते म्हणाले, “तुमची वेळ पाचचीच आहे. मला वाटायचं तुम्हाला घरी जायची घाई नाही.” चातुर्मास संपायला तीन दिवस उरले होते. चार महिने मी उपाशी निजलो, आणि ते कुणी मागितलंच नव्हतं.

मी कुठल्या रेघेवर उभा होतो, परशा? ती मारली कुणी?

आता एक मार्ग आहे. तुझा अर्ज काढायचा, साहेबांपुढं ठेवायचा आणि तो मी ऑगस्टपासून दाबून ठेवला हेही सांगायचं. तसं केलं तर पुढचं पत्र तुझ्या बाजूनं निघेल. माझं काय होईल ते तुला कळतंच. प्रेमलाला सहावा महिना आहे. मला काही सुचत नाही. तू माझ्यापेक्षा धीराचा आहेस. तूच सांग, मी काय करू? तू सांगशील ते करीन.

तुझा अपराधी
जिनाप्पा

•

बोंडरवाडी
ता. २७ नोव्हेंबर १९३४

प्रिय जिनाप्पा,

प्रेमलावहिनींची बातमी वाचून आनंद झाला. हे मनापासून लिहितोय. गुणाबाई बाळंतविडा शिवायला बसली आहे.

तू जे कबूल केलंस त्यातलं निम्मं मला ठाऊक होतं. अकरा वर्षं मी त्या कचेरीचे कागद वाचतोय. त्यांत ‘कळावे’ आणि ‘तजवीज करावी’ याखेरीज काही नसतं. असलं नटवं वाक्य घालणारा माणूस साऱ्या जिल्ह्यात एकच. गुंजीच्या फलाटावर स्टेशनमास्तर ते वाचत होते तेव्हाच मी तुला ओळखलं. अर्थही मला ठाऊक होता. मॅट्रिकला नापास झालो म्हणून काय, तो माझ्या अंगठ्याला ठाऊक आहे. तुला विचारलं ते अशासाठी की तू म्हणशील, परशा, ते मी लिहिलं रे, चुकलं. तेवढ्यासाठीच विचारलं होतं. तू मात्र मला वाक्प्रचार समजावलास.

अर्ज दाबलास ते मात्र मला कळलं नव्हतं. तिथं मी तुझ्यावर विश्वास टाकला. ते वाचलं तेव्हा पत्र खाली ठेवून मी परसात गेलो. राग आला, आणि अजून आहे.

ड्रिलचं तू लिहिलंस तेही तसं नव्हतं. तू गाडीची शिट्टी ऐकून वळलास आणि तुझा पाय रेघेच्या पुढं गेला. मास्तर रूळ घेऊन येताना मला दिसले. तू आधीच थरथरत होतास. म्हणून मी माझा पाय तुझ्या पुढं सरकवला. मी रेघ दिसली की पाय पुढं टाकणाऱ्यांतला नाही रे. तेवढं एकदाच जमलं. मनूच्या वेळी नाही जमलं.

सगळं तुझ्यावर ढकलून मोकळा होत नाही, हे तुला कळावं म्हणून पुढचं लिहितो. तुझं पत्र आलं त्या दिवशी मी भरमूकडे गेलो. त्यानं अंगणात घोंगडं टाकलं, बसा म्हणाला. मी म्हटलं, मुलांना पाठव. तो म्हणाला, “रेघ तुमी मारला न्हाईसा, गुरुजी, ठावं हाय आमास्नी. पन तुमी आत जाऊन बसलासा. पोरीनं बगिटलं त्ये.” मी विचारलं, मनू कुठं आहे? “लोंढ्याला, मामाकडं. खडी फोडाया जातीया मामीसंगं.” तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं मला पाणी विचारलं नाही. मी पिणार नाही असं त्यानं धरून ठेवलं होतं. मी मागून घेतलं आणि प्यायलो. पण ते दोन महिने आधी व्हायला हवं होतं.

मग शाळेत गेलो. मुलं बसली होती. फक्की ओली करून पुसावी लागेल असं मला वाटलं होतं. नाही लागली. चपलेनं चारदा घासली आणि गेली. एवढीच होती ती, जिनाप्पा. पाच महिने आम्ही छत्तीस मुलं आणि एक मास्तर तिला घाबरून होतो. महारवाड्यातली दोन मुलं कालपासून आत बसतात. तिघांचं सांगता येत नाही. गावानं पुन्हा मुलं काढली आहेत. आज एकतीसपैकी चार आली. आण्णाप्पाची तिसरी तक्रार या पत्राच्याच टपालानं तुझ्याकडे येतेय. एकाच थैलीत असतील दोन्ही.

तू काय करावंस ते मी सांगणार नाही. आजवर सांगणाऱ्याचीच वाट बघत आलास. आता मीही तेच करू का, तुझ्यापुढं एक रेघ मारू? वहिनींच्या पोटातल्या जिवाची शपथ घालू? ते मला जमायचं नाही. अर्ज तुझ्या ड्रॉवरमध्ये आहे आणि किल्ली तुझ्याकडे आहे.

फक्त एक मागणं आहे. आण्णाप्पाच्या या तक्रारीवर साहेब पुन्हा लिहितील, ‘योग्य ते उत्तर द्यावे.’ आणि ते उत्तर पुन्हा तूच लिहिशील. मला काढून टाकायचं असलं तरी तूच लिहिशील. तर या खेपेला मराठीत लिही. म्हणजे ते वाचायला कुणाला गुंजीपर्यंत चालत जावं लागणार नाही. भरमूला मी वाचून दाखवीन. आणि मसुदा कुणाचा, ते नाव खाली घाल.

मनूची पाटी माझ्यासमोर आहे. उत्तर बरोबर होतं. अजून मी खूण केलेली नाही. रविवारी लोंढ्याला जाऊन तिच्यासमोर करणार आहे.

परशराम